मदत हवी आहे : घरच्या साध्या चिकन रश्श्यात पाणी आणि मसाला वेगळे राहतात

धागाकर्ता :

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत मी घरच्यांसाठी पाच वेळा चिकनचा रस्सा केला. पाचही वेळा तो संपला, पण कोणी पातेल्यात पुन्हा डाव घातला असे एकदाही झाले नाही. घरात आम्ही सहा जण आहोत, त्यांत दोन मुले लहान आहेत आणि आईला तिखट सोसत नाही. मला मेजवानीचा पदार्थ करायचा नाही. कामावरून आल्यावर तासा-सव्वा तासात होईल आणि सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढता येईल, एवढाच साधा रस्सा मला जमायला हवा आहे.

माझी कृती अशी आहे. एक किलो हाडाविरहित चिकन, म्हणजे सगळे छातीचे मांस, मी नळाखाली धुऊन घेतो. चार मध्यम कांदे आणि तीन टोमॅटो बारीक चिरून तीन मोठे चमचे तेलात एकदमच टाकतो आणि सात-आठ मिनिटे परततो. त्यात दोन चमचे आले-लसणाचे वाटण, हळद, तिखट, धणे-जिऱ्याची पूड आणि गरम मसाला घालून लगेच चिकन घालतो, वरून तीन वाट्या पाणी ओततो, मीठ घालतो आणि झाकण ठेवून पाऊण तास शिजू देतो.

होते असे की ताटात वाढल्यावर पाणी एकीकडे पळते आणि कांद्याचा चोथा एकीकडे राहतो. मसाल्याचा, विशेषतः लसणाचा, कच्चा वास जात नाही. मांस कोरडे आणि दोरेदार होते, शिवाय त्याला आतून चवच नसते. मागच्या खेपेस दाटपणासाठी शेवटी दही घातले, तर ते फुटून सगळा रस्सा कणीदार झाला. कृपया नवी कृती देण्याऐवजी माझे नेमके कोठे चुकते आहे ते सांगावे, कारण कृती मी बऱ्याच वाचल्या आहेत आणि प्रत्येकीत ‘कांदा छान परतून घ्यावा’ एवढेच लिहिलेले असते.

पहिला प्रतिसाद :

पातेले कसले आहे, आच किती ठेवता, आणि चिकन ताजे असते की गोठवलेले? गोठवलेले असल्यास ते कसे सोडवता, हेही लिहावे.

धागाकर्ता :

स्टीलचे उंच, पातळ बुडाचे पातेले आहे. कांदा करपण्याची भीती वाटते, म्हणून आच पहिल्यापासून मंद असते. चिकन बहुतेक वेळा गोठवलेले असते. ते मी सकाळी ओट्यावर काढून ठेवतो आणि संध्याकाळी वापरतो.

दुसरा प्रतिसाद :

आधी ओट्याबद्दल लिहिते, कारण तो चवीचा प्रश्न नाही. दिवसभर ओट्यावर ठेवलेल्या चिकनचा आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरचा भाग जंतू वाढण्याइतका कोमट झालेला असतो. आदल्या रात्री ते खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. एक किलोला साधारण एक दिवस लागतो. सुटलेले पाणी टाकून द्यावे आणि तुकडे कोरड्या कागदाने टिपून घ्यावेत. नळाखाली धुण्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर बेसिनवर आणि आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. ते मरतात ते शिजण्यानेच. धुण्याची सवय मोडवत नसेल, तर निदान पातेल्यातल्या स्थिर पाण्यात हलक्या हाताने धुवावे आणि नंतर बेसिन व हात साबणाने स्वच्छ करावेत.

आता मूळ प्रश्न. तुमच्या साहित्यात दोष नाही, क्रमात आहे, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ पाण्यात आहे. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नऊ दशांश पाणी असते, टोमॅटोत त्याहूनही अधिक. चार कांदे आणि तीन टोमॅटो एकदम पडले की अर्ध्या लिटरहून अधिक पाणी तीन चमचे तेलाच्या उरावर बसते. हे पाणी आहे तोवर पातेल्यातले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि कांद्याला भराभर तांबूस रंग व खमंगपणा यायचा तर १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तुम्ही परतत आहात असे तुम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात कांदा उकडत होता. त्यातच टोमॅटोचा आंबटपणा कांद्याला लवकर मऊ होऊ देत नाही, म्हणून त्याचे तुकडे शेवटपर्यंत वेगळे दिसतात आणि तुम्ही म्हणता तो चोथा उरतो. लसणाचा कच्चा वासही याच कारणाने राहतो : तुमचे वाटण तेलात परतले जाण्याआधीच पाण्यात शिजू लागते.

म्हणून आधी एकटा कांदा घ्यावा. पसरट आणि जाड बुडाचे भांडे असेल तर उत्तम, कारण उंच पातेल्यात वाफ कोंडते आणि पातळ बूड मध्येच करपते. तेल चार मोठे चमचे घ्यावे, कांदा घालून त्यावर चिमूटभर मीठ टाकावे म्हणजे त्याचे पाणी लवकर सुटेल, आणि पहिली आठ-दहा मिनिटे आच मध्यमाहून थोडी मोठी ठेवावी. या काळात तो करपत नाही, कारण पाणीच त्याला राखते. तडतड कमी होऊन कांदा तेलात चकचकीत दिसू लागला की आच मध्यम करावी आणि खरे परतणे तेथून सुरू झाले असे समजावे. एकूण १५ ते २० मिनिटे लागतात. पाच मिनिटांत सोनेरी होणारा कांदा मी तरी अजून पाहिलेला नाही, कृतींमध्ये काहीही छापलेले असो. बुडाला तांबूस थर धरू लागल्यास एक-दोन चमचे पाणी शिंपडून तो खरवडून घ्यावा; रश्श्याचा रंग त्यातूनच येतो.

त्यानंतर आले-लसूण घालून दीड-दोन मिनिटे परतावे. मग आच कमी करून हळद, तिखट आणि धणे-जिऱ्याची पूड घालावी आणि लगेच दोन चमचे पाण्याचा हबका मारावा, कारण कोरडी पूड तापलेल्या तेलात अर्ध्या मिनिटात करपते आणि करपलेल्या तिखटाचा कडूपणा पुढे कशानेही जात नाही. टोमॅटो याच्यानंतर घालावेत. ते पूर्ण मोडून मसाला गोळा होऊ लागला आणि कडेने तेल दिसू लागले की मसाला झाला. तेल सुटणे ही शोभेची गोष्ट नाही. पाणी जवळजवळ उडून गेल्याची ती खूण आहे. हा टप्पा येईपर्यंत चिकनला हात लावू नये.

गरम मसाला मात्र गॅस बंद करताना घालावा. त्याचा सुगंध उडून जाणारा असतो. पाऊण तास उकळल्यावर तो तुमच्या स्वयंपाकघरात दरवळतो, रश्श्यात राहत नाही.

तिसरा प्रतिसाद :

वरील मसाल्याचे सर्व मान्य आहे, पण मांसाचा प्रश्न वेगळा आहे. छातीच्या मांसात चरबी आणि चिवट तंतू दोन्ही फार कमी असतात. त्याचे तुकडे १२ ते १५ मिनिटांत शिजतात आणि त्यानंतर प्रत्येक मिनिटाला फक्त कोरडे होत जातात. तुम्ही ते तिप्पट वेळ शिजवत आहात. मांडी आणि तंगडीचे हाडासकट तुकडे घेतल्यास ३० ते ३५ मिनिटे शिजवूनही ते रसरशीत राहतात, कारण त्यांतील चिवट भाग सावकाश विरघळतो आणि तोच रश्श्याला अंगचा दाटपणा देतो. मुलांसाठी हाडाविरहित मांस हवेच असेल, तर मांडीचेच घ्यावे. दोन्ही मिसळून घेतल्यास छातीचे तुकडे निम्मा वेळ झाल्यावर घालावेत.

आतून चव नसण्याचे कारण मीठ उशिरा लागणे हे आहे. एक किलोला सपाट दीड चहाचा चमचा मीठ, हळद आणि थोडे आले-लसूण चोळून निदान अर्धा तास ठेवावे. तुम्ही आदल्या रात्री चिकन सोडवायला ठेवणार असाल, तर सकाळी निघताना मीठ लावून परत फ्रीजमध्ये ठेवणे सर्वांत सोयीचे. मसाल्यात पुढे घालायचे मीठ त्या मानाने कमी करावे, नाहीतर रस्सा खारट होईल. आणि खारट झाल्यास बटाटा टाकून मीठ शोषले जाते हा समज सोडून द्यावा, बटाटा रश्श्याइतकाच खारट होतो, एवढेच.

तीन वाट्या पाणी फार झाले. शिजताना मांस आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा रस सोडते, म्हणजे एका किलोमागे वाटी-दीड वाटी पाणी तुम्ही न घालताच येते. चिकन मसाल्यावर पाच मिनिटे मोठ्या आचेवर परतावे, झाकण ठेवून दहा मिनिटे स्वतःच्याच पाण्यात शिजू द्यावे आणि मगच अंदाज घेऊन वाटीभर कडकडीत पाणी घालावे. गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजण्याची वेळ उगाच लांबते.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. इतकी वर्षे मी कांद्याला घाबरत होतो हे आज कळले. तीन शंका उरतात. कुकरमध्ये केल्यास वेळ वाचेल काय? दही घालायचेच असेल तर केव्हा घालावे? आणि आईसाठी व मुलांसाठी तिखट कमी करण्याकरिता मी त्यांच्या वाटीत पाणी घालतो, ते योग्य आहे काय?

दुसरा प्रतिसाद :

कुकरने वेळ वाचतो तो मांसाचा, मसाल्याचा नव्हे. कांदा-टोमॅटो उघड्या कुकरमध्ये पूर्ण परतून घेतला तरच पुढे झाकण लावण्यात अर्थ आहे, कारण झाकण लावल्यावर पाणी उडत नाही. जेवढे घातले तेवढेच, वर चिकनचे आणखी. साध्या ब्रॉयलर चिकनला मी कुकर वापरतच नाही. जून गावठी कोंबडी असेल तर वापरावा.

दही फुटते ते एकदम जास्त उष्णता लागल्याने. फ्रीजमधले गार दही थेट उकळत्या रश्श्यात गेले की त्यातील प्रथिने आकसून कण धरतात. दही बाहेर काढून घोटून घ्यावे, त्यात एक चमचा बेसन किंवा तांदळाचे पीठ मिसळावे, दोन डाव गरम रस्सा त्यातच घालून ते कोमट करावे आणि मग मंद आचेवर ढवळत पातेल्यात सोडावे. त्याहून सोपे म्हणजे दही चिकनलाच चोळून ठेवणे. मात्र दही घेतल्यास एक टोमॅटो कमी करावा, नाहीतर आंबटपणा वर येतो.

पाणी घालून तिखटपणा कमी होत नाही, चव मात्र जाते. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतो. पातेल्यात तिखट अर्धाच चमचा घालावा, मुलांच्या आणि आईंच्या वाटीत चमचाभर साय किंवा नारळाचे दूध मिसळावे, आणि ज्यांना झणझणीत हवे त्यांच्यासाठी चमचाभर तेलात वेगळे तिखट फोडणीला घालून ती वाटी ताटाशेजारी ठेवावी.

धागाकर्ता :

रविवारी करून पाहिले. कांद्याला बावीस मिनिटे लागली आणि मध्ये दोनदा धीर सुटत आला होता, पण तेल कडेने सुटलेले मी आयुष्यात प्रथमच पाहिले. पाणी एकच वाटी लागले. रस्सा भातावर ओतल्यावर जागच्या जागी राहिला, लसणाचा वास आला नाही, आणि धाकट्याने स्वतः उठून डाव घेतला. एकच अडचण आली : चाळीस मिनिटे शिजवूनही तंगडीच्या हाडाजवळ मांस गुलाबी दिसत होते, म्हणून मी घाबरून ते आणखी वीस मिनिटे ठेवले आणि काही तुकडे हाडावरून गळून पडले.

तिसरा प्रतिसाद :

त्या वीस मिनिटांची गरज नव्हती. ब्रॉयलर कोवळ्या वयाचे असते, त्याच्या हाडांतील मगजाचा रंग शिजताना बाहेर झिरपतो आणि मांस पूर्ण शिजूनही तेथे गुलाबी किंवा काळपट दिसते. गोठवलेल्या चिकनमध्ये हे अधिक होते. रंगावर निर्णय घेऊ नये. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास सर्वांत जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दिसले की ते खाण्यास सुरक्षित झाले. तंगडीचे तुकडे मात्र त्यापुढेही दहा-बारा मिनिटे मंद आचेवर राहिले तर अधिक मऊ लागतात. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा, तीन दिवसांत संपवावा आणि गरम करताना जेवढा खायचा तेवढाच काढून त्याला चांगली उकळी आणावी.