मल्हार: खंडोबाचा की पावसाचा?

भाच्याच्या मुलाचं बारसं पुढच्या आठवड्यात, ठाण्यात. नाव मल्हार ठरलंय, पण अर्थावरून दोन तट पडलेत. बाळ आषाढातलं, म्हणून आजोळच्या मंडळींच्या मते हा पावसाचा राग. भाच्याचं घर चेंदणी कोळीवाड्यातलं, देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. त्यांना दुसरा अर्थ सुचतच नाही. त्यात एका आत्याबाईंची शंका: पोराच्या नावात ‘हार’ कशाला?

आधी आत्याबाईंचं बघू. या नावात सुटा ‘हार’ नाहीच. मूळ शब्द मल्लारि, म्हणजे मल्ल अधिक अरि, मल्लाचा शत्रू. मुरारि, त्रिपुरारि ही नावं अशीच झालीत. मणी आणि मल्ल हे दैत्य भाऊ, मार्तंडभैरवाने, म्हणजे खंडोबाने, त्यांचा बंदोबस्त केला, अशी कथा. मणी शेवटी शरण आला, पण देवाच्या नावात कायमचा जाऊन बसला तो मल्ल! मल्लारिचं बोलीत मल्हारी झालं आणि मल्हारीचं मल्हार. होळकरांचंच बघा ना. इंदूरच्या गादीचे संस्थापक मल्हारराव (१६९३–१७६६), आणि त्यांचा मुलगा, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान, खंडेराव. बापलेक दोघांनाही एकाच देवाची नावं.

आता राग. मियाँमल्हार, गौडमल्हार, मेघमल्हार ही सगळी पावसाळी मंडळी. संगीताच्या संस्कृत ग्रंथांत ‘मल्लार’ असंही रूप सापडतं. मात्र ‘मल हरतो तो मल्हार’ ही फोड मला मागाहून चिकटवलेली वाटते. मल आणि हर जोडले तर ‘मलहर’ होईल. ल्ह हे जोडाक्षर कुठून येणार, आणि ‘हा’चा काना कुठून?

माझं मत विचाराल तर मराठी घरात मल्हार म्हटलं की पहिला मान जेजुरीचा. आजोळच्यांनी खुशाल मेघमल्हार लावावा, बाळाची काही हरकत नसणार.

खरी काळजी उच्चाराची आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचून शाळेत सर्रास ‘मल-हार’ अशी हाक मारतात. ल्ह एकदमच यायला हवा, कोल्हापूरमधल्यासारखा. पत्रिकेच्या प्रुफातही ‘मलहार’ छापून आलंय. छपाईला जायच्या आत तेवढं दुरुस्त करून घ्या, नाहीतर आत्याबाई ‘हार’ सोडायच्या नाहीत.