सर्व्हिस फक्त वयामुळे बदलत नाही
टेनिसमध्ये वय वाढलं की खांदा थकतो, वेग घटतो आणि मग सर्व्हिस, म्हणजे खेळ सुरू करणारा फटका, बदलते, असं म्हटलं जातं. अर्धंच पटलं. मोठे बदल बऱ्याचदा ऐन उमेदीत होतात. नदालने २०१०च्या अमेरिकन ओपनच्या तोंडावर ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, किंचित फिरवली आणि त्याची सर्व्हिस ताशी २१७ किलोमीटरपर्यंत गेली; तेव्हा तो २४ वर्षांचा होता. जोकोविचने २०१८च्या ऑस्ट्रेलियन ओपनला कोपराच्या दुखण्यामुळे बॅकस्विंग, म्हणजे फटक्याआधी रॅकेट मागे नेण्याची हालचाल, आखूड केला. सबालेन्काचं २०२२मध्ये डबल फॉल्टमुळे (लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जाणं) पार तंत्र बिघडलं होतं, तिने हालचालच दुरुस्त करून घेतली आणि २०२३मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनचं विजेतेपद मिळवलं.

या सगळ्यात टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर फेकणं, विसरून चालत नाही; खरी गोम तिथेच आहे. बॅकस्विंग आखूड केला की रॅकेट डोक्यामागे लवकर पोचते. टॉस जुन्याच उंचीचा राहिला तर हात वर चेंडूची वाट बघत थांबतो, पायांतून आलेला जोर तिथेच विरतो, कोपर खाली येतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. म्हणून टॉसही खाली आणावा लागतो किंवा हात उशिरा सुरू करावा लागतो. वयाचा परिणाम मला दुसऱ्या सर्व्हिसवर (पहिली चुकल्यावर मिळणाऱ्या) जास्त वाटतो: किकसाठी, म्हणजे टप्पा पडून उंच उसळणाऱ्या सर्व्हिससाठी, टॉस डोक्यावर ठेवून पाठ कमानीसारखी वाकवावी लागते. कंबर कुरकुरायला लागली की उजव्या हाताने खेळणाऱ्याने टॉस थोडा उजवीकडे, पुढे घेऊन स्लाइसवर, म्हणजे बाजूला वळणाऱ्या सर्व्हिसवर, भर दिलेला बरा. उसळी कमी मिळते, पण पाठ वाचते.