मदत हवी आहे : चुन्याचा गिलावा करणारा गवंडी (पलूस तालुका, सांगली)

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण रविवारी जमून गरजू कुटुंबांची घरं दुरुस्त करतो. सध्या कृष्णाकाठच्या एका आजींचं घर हाती आहे. दगडमातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं होतं. नंतर कुणीतरी भल्या हेतूनं सिमेंटचा गिलावा करून दिला. आता ओल आत कोंडून पोपडे सुटतायत, मागची माती भुसभुशीत झालीय.

सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करावा असं माझं मत आहे. पण ते काम येणारा गवंडी मिळेना. तासगाव, मिरज, कऱ्हाडकडे कुणी जुना कारागीर माहितीय का? मजुरी देऊ, शिवाय आमची पोरं हाताखाली राहतील. कळीचा चुना किती दिवस भिजवायचा, वाळूचं प्रमाण काय, हेही सांगा. जोत्यालगतचे दगड निखळलेत. ते बसवताना आढ्याला टेकू कुठे द्यावा?

घरकुलाचं कृपया सुचवू नका. सरकारी अनुदान मिळतं, ठाऊक आहे. पण जागा अजून आजींच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे, वारसनोंदीला वेळ लागेल. मृगाआधी भिंत वाळायला हवी.