बेसबॉलच्या आयुष्यभराच्या प्रेमाने माणसाचा स्वभाव घडतो का?

प्रश्न (डेट्रॉइटजवळून)

आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक लहानपणापासून डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचे चाहते आहेत. सामने ते रेडिओवर ऐकतात आणि प्रत्येक बॅटरचे काय झाले याची नोंद स्वतःच्या हाताने वहीत करतात. आपला उतावळा स्वभाव या खेळामुळे निवळला, असे ते मनापासून सांगतात. माझी मुलगीही आता त्यांच्याकडून ही नोंद शिकते आहे. मी क्रिकेट पाहत वाढले, म्हणून जाणकारांना विचारते: अशा प्रेमाने स्वभाव खरोखर घडतो, की मुळात शांत असलेली माणसेच बेसबॉलमध्ये रमतात?

पहिला प्रतिसाद (बॉस्टन)

घडतो, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. मेजर लीगमधील (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधील) संघ सहा महिन्यांच्या नियमित हंगामात 162 सामने खेळतो आणि उत्तम संघसुद्धा त्यांतले साठएक हरतो. दहांपैकी तीन वेळा हिट मिळवणारा (म्हणजे चेंडू फटकावून सुखरूप बेसवर पोहोचणारा) बॅटर चांगला समजला जातो. पराभव पचवून दुसऱ्याच दिवशी पुन्हा खेळाकडे वळण्याची सवय चाहत्यालाही लागते. आमच्या बॉस्टन रेड सॉक्स संघाचा बॅटर टेड विल्यम्स याचे 1941 मधील उदाहरण मला फार मोलाचे वाटते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याची सरासरी (हिटचे प्रमाण) .39955 होती, म्हणजे तो बाकावर बसून राहिला असता तरी ती .400, हा फार थोड्यांनी गाठलेला टप्पा, धरली गेली असती. तरीही तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठपैकी सहा वेळा त्याने हिट मिळवली आणि हंगाम .406 वर संपवला. सुरक्षित नोकरी सोडण्याचा निर्णय घेताना मी त्या दिवसाचा अनेकदा विचार केला होता.

दुसरा प्रतिसाद (शिकागो)

मला हे इतके सरळ वाटत नाही. शिकागो कब्जने 1908 नंतर थेट 2016 मध्ये विजेतेपद मिळवले. इतक्या प्रतीक्षेने संयम आला असता, तर 14 ऑक्टोबर 2003 ची रात्र तशी गेली नसती. त्या रात्री रिगली फील्डवर प्रेक्षकांकडे आलेल्या फाउल चेंडूसाठी (मैदानाच्या रेषांबाहेर उडालेल्या चेंडूसाठी), आजूबाजूच्या इतरांप्रमाणेच, एका प्रेक्षकाने हात पुढे केला. चेंडू कब्जच्या खेळाडूच्या हाती लागला नाही, पुढे संघ हरला, आणि वर्षानुवर्षे या खेळावर प्रेम करणाऱ्या लोकांनीच त्या माणसाला इतक्या शिव्या घातल्या, त्याच्यावर इतक्या वस्तू फेकल्या, की सुरक्षारक्षकांना त्याला बाहेर न्यावे लागले. संघाने 2017 मध्ये त्याला विजेतेपदाची अंगठी दिली, हे चांगलेच झाले. मात्र प्रेम किती वर्षांचे आहे, यावरून माणूस कसा आहे हे ठरत नाही.

तिसरा प्रतिसाद (डेट्रॉइट)

शिकागोचा आक्षेप रास्त आहे, म्हणून मी नुसते पाहणे आणि नोंदवणे यांत फरक करीन. बेसबॉलच्या धावफलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी क्षेत्ररक्षणातील चुकांचाही रकाना असतो, आणि लाडक्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून सोपा चेंडू सुटला तरी वहीत ‘ई6’ (‘ई’ म्हणजे एरर, चूक; 6 हा त्या जागेचा क्रमांक) असे लिहावेच लागते. आपल्या माणसाची चूक इतक्या शांतपणे लिहून ठेवणे हा मोठा अभ्यास आहे.

2 जून 2010 रोजी आमच्याच शहरात टायगर्सचा गोलंदाज (पिचर) अर्मांडो गालारागाने सलग 26 बॅटर बाद केले होते आणि परिपूर्ण सामन्याला (एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता सर्व 27 बाद करण्याला) एकच गडी हवा होता, तेव्हा पंच जिम जॉयस यांनी पहिल्या बेसवर बाद असलेल्या धावपटूला नाबाद ठरवले. गालारागा किंचित हसला आणि पुढच्या बॅटरकडे वळला. चित्रण पाहिल्यावर जॉयस यांनी त्याच रात्री चूक कबूल करून त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांकडे द्यायला गालारागाच गेला, तेव्हा जॉयस यांना अश्रू आवरले नाहीत, आणि अनेक प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. अधिकृत नोंद मात्र बदलली गेली नाही. तिथे आजही एक हिट आहे. तुमच्या शेजाऱ्यांना या सामन्याविषयी जरूर विचारा, आणि तेव्हा मुलीलाही बरोबर न्या.