मदत हवी आहे : होला, पारवा आणि कपोत

नमस्कार मंडळी. मी पैठण तालुक्यात शिक्षक आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांसोबत होला, म्हणजे कबुतराच्या कुळातला छोटा पक्षी, याच्याबद्दलची माहिती गोळा करतोय.

पुस्तकातलं बरंच सापडलं. पारवा हा शब्द संस्कृत ‘पारावत’वरून आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त १६५) कपोत (संस्कृतात कबूतर किंवा होला) निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, दूत म्हणून येतो, म्हणजे चक्क अशुभ! पुढे शिबी राजाच्या कथेत तोच शरणागत होतो. आणि भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक कपोत आहे: पिलं जाळ्यात सापडली म्हणून त्यांच्या मायेपोटी जोडपंही जाळ्यात जातं. याच स्कंधावर आपल्या संत एकनाथांनी टीका लिहिली, म्हणून हा भाग मुलांना आवर्जून वाचून दाखवला. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

नोहाच्या कथेतलं ऑलिव्हचं पान, १९४९ च्या पॅरिस शांतता परिषदेसाठीचं पिकासोचं कबूतर, हेही घेतलंय.

अडलंय ते आपल्या मातीतलं. तुमच्याकडे, म्हणजे बीड, परभणी, लातूर, नांदेड, धाराशिव भागात, होल्याला काय म्हणतात? मानेवर ठिपके असलेल्याला आणि काळी पट्टी असलेल्याला वेगवेगळी नावं आहेत का? त्याचं घुमणं शुभ मानतात की अशुभ? घरात घरटं केलं तर मोडतात की राहू देतात? जात्यावरच्या ओवीत होला आला असेल, तर आजी-मावशींना विचारून ती जशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत पाठवा. गावाचं नाव जरूर लिहा.