बंपरच्या चिरेसाठी क्लेम : हक्क की हिशोबाची चूक?

त्रैराशिक :
‘गाडीच्या विम्याचा हप्ता आपण भरतो, तेव्हा नुसता ओरखडा असला तरी क्लेम घ्यावा, न घेणारा कंपनीला दान करतो,’ असे ‘पाचवा गिअर’ यांनी काल ठणकावून लिहिले. त्यावर माना डोलावणाऱ्यांपैकी एकानेही बेरीज केलेली दिसत नाही. पाच वर्षे क्लेम न घेतलेल्याला ओडी हप्त्यावर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर, ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची सवलत, मिळतो. बंपरसाठी एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० वर पोचतो. दर वर्षी हुकलेल्या सवलतीची बेरीज केली, तर ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे १२५ टक्के होतात. सव्वा वर्षाचा पूर्ण ओडी हप्ता मोजून जो बंपर रंगवून घेतो, त्याने दानावर बोलू नये.

पाचवा गिअर :
बेरीज देखणी आहे. मात्र गाडी जुनी होते तशी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, उतरते आणि तिच्यामागे ओडी हप्ताही, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. शिवाय पुढच्या पाच वर्षांत आपल्याला कोणी धडकणारच नाही, असे आपल्या पत्रिकेत लिहिलेले दिसते. आज पदरमोड करून राखलेला एनसीबी वर्षभरात मोठ्या क्लेमने जाणारच असेल, तर राखले काय? ज्याची पॉलिसी पहिल्याच वर्षातली आहे, त्याचे नुकसान तर आपल्याच रीतीने ५० टक्क्यांवर थांबते.

त्रैराशिक :
५० टक्क्यांचे मान्य, करून पाहिले. बाकीचे ज्योतिष आपल्याकडेच राहू द्यावे.

घासलेला खांब :
आपण दोघेही हाती किती पडते ते सांगतच नाही. फाटकातून मागे येताना माझा बंपर खांबाला घासला : कोपऱ्यात बोटभर चीर, तिच्यात अडकलेला चुना आणि एका बाजूने निसटलेली क्लिप, एवढेच. वर्कशॉपमधल्या सल्लागाराने गाडीकडे न पाहताच ‘इन्शुरन्स की कॅश?’ असे विचारले. मी इन्शुरन्स म्हणताच, जो बंपर प्लास्टिक वेल्डिंगवर निभला असता तो बदलायचा ठरला. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, नव्हते. त्यामुळे प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी कपात, रंगाच्या मालावरही तेवढाच, आणि शेवटी सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे मालकानेच सोसायची ठरावीक रक्कम, वजा झाला. अर्ध्याहून अधिक बिल मी भरले आणि एनसीबीही घालवला. तेव्हापासून तो प्रश्न ऐकला की माझे डोके फिरते. आधी गाडी पाहा, मग पैशाचे विचारा!

व्यवहारी :
एनसीबी जाणारच असेल, तर दारावरचा जुना ओरखडा आणि मागच्या वर्षीचा पोचा त्याच फॉर्मात बसवावा. आमचा सल्लागार स्वतःच सुचवतो.

त्रैराशिक :
यालाच खोटा दावा म्हणतात. दोन अपघात म्हणजे दोन क्लेम, आणि फॉर्मवर तारीख व हकीकत लिहून त्याखाली होणारी सही आपली असते, सल्लागाराची नव्हे.

व्यवहारी :
हे सोवळे ५० टक्के घसारा कापणाऱ्यांना आधी शिकवा. आम्ही एक पोचा जास्त दाखवला की लगेच चोर!

घासलेला खांब :
विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर आंधळा नसतो. मागे जाताना खांबाला लागलेला बंपर एका जागी दबतो. दारावरचा ओरखडा लांब ओढलेला असतो, आणि त्यात गंजाची तांबूस रेघ असेल तर त्याचे वय विचारावे लागत नाही. माझ्या सर्व्हेअरने दारावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे नुसते पाहिले. मी दार मागितलेही नव्हते. सल्लागाराने ते परस्पर इस्टिमेटमध्ये घातले होते. मान खाली घालायची वेळ मात्र माझ्यावर आली.

व्यवहारी :
बरे, आपण सगळे हरिश्चंद्र. मी थांबतो.

पाचवा गिअर :
माझे मत कायम आहे. मात्र आज माझ्या गाडीचा बंपर उतरवून आतला धक्का झेलणारा बीम पाहिला, तो सरळ निघाला. आणि पॉलिसी उघडली, तर गेल्या नूतनीकरणाला हप्ता कमी व्हावा म्हणून झीरो डेप मीच काढून टाकलेले आढळले. सबब काम रोखीने करून घेत आहे. त्रैराशिक यांनी यावर बेरीज पाठवू नये.