मदत हवी आहे: क्लाउडस्टॅकचा झोन सुरू, टेम्प्लेट मात्र डाउनलोड होत नाही

महालकर:
नागपुरात कॉलेजच्या लॅबसाठी अपाचे क्लाउडस्टॅक ४.१९ (स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) बसवतोय. एकच मशीन, उबुंटू २२.०४, रॅम १६ जीबी. मॅनेजमेंट सर्व्हर, केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं), एनएफएस (नेटवर्कवरचं फाइल स्टोरेज) सगळं त्यावरच. झोन (क्लाउडचा सगळ्यात मोठा विभाग) बनला, होस्ट (व्हीएम चालवणारं मशीन) हिरवा दिसतो, दोन्ही सिस्टम व्हीएम (क्लाउडस्टॅकच्या स्वतःच्या कामाच्या) 'रनिंग' आहेत. पण सेंटओएसचं टेम्प्लेट (नवी व्हीएम बनवायचा तयार साचा) 'रेडी'च होत नाही. काय चुकतंय?

धरमपेठी:
'रनिंग'वर जाऊ नका. त्याचा अर्थ व्हीएम चालू आहे, एवढाच. शेजारची एजंट स्टेट (आतला एजंट मॅनेजमेंट सर्व्हरशी जोडलाय का ते) बघा, ती 'अप' नसणार. टेम्प्लेट उतरवणाऱ्या सिस्टम व्हीएमला, म्हणजे सेकंडरी स्टोरेज व्हीएमला, मॅनेजमेंट सर्व्हरचं ८२५० पोर्ट गाठावं लागतं, आणि कुठे जायचं ते तिला ग्लोबल सेटिंगमधल्या 'होस्ट' या नोंदीवरून कळतं. तिथे कोणता आयपी आहे?

महालकर:
१२७.०.१.१ आहे! मग केव्हीएम होस्ट हिरवा कसा?

धरमपेठी:
तो त्याच मशीनवर आहे ना. त्याच्यासाठी १२७ म्हणजे घरातलंच दार. व्हीएमने तोच पत्ता वापरला की ती स्वतःचंच दार ठोठावते. उबुंटू होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला बांधून ठेवतं, गोम तिथे आहे. ती ओळ बदलून खरा आयपी लिहा, 'होस्ट' सेटिंगमध्येही तोच टाका, मॅनेजमेंट सर्व्हिस रीस्टार्ट करा. मग सेकंडरी स्टोरेज व्हीएम बिनधास्त डिस्ट्रॉय करा, ती आपोआप नव्याने बनते. नुसती रीबूट करत बसू नका.

तरीही अडलं तर केव्हीएम होस्टवरून तिच्या १६९.२५४ वाल्या पत्त्यावर, पोर्ट ३९२२ ने एसएसएच करा (नेटवर्कवरून लॉगिन) आणि आतली एसएसव्हीएम-चेक स्क्रिप्ट चालवा. डीएनएस, एनएफएस, ८२५०, यातलं नेमकं काय तुटलंय ते ती सांगते.

संत्राबर्फी:
पॉडची (झोनमधला होस्टचा गट) आयपी रेंजही तपासा. राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या, म्हणजे डीएचसीपी, रेंजमध्ये ती शिरली असेल तर आज चालेल, उद्या कुणाचा मोबाइल तोच पत्ता घेऊन बसेल. आणि मे महिना आहे म्हणून कूलरचा झोत मशीनवर सोडू नका, ओली हवा असते ती.

महालकर:
एजंट 'अप' झाला, सेंटओएस उतरतंय. आता लॅबच्याच वेबसर्व्हरवरची आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) घेत नाही.

धरमपेठी:
अंतर्गत पत्ते मुद्दाम अडवलेले असतात. ग्लोबल सेटिंगमध्ये 'सेकस्टोरेज.अलाउड.इंटर्नल.साइट्स' शोधा, त्यात १९२.१६८.१.०/२४ किंवा तुमची जी रेंज असेल ती टाका. मग परत सर्व्हिस रीस्टार्ट आणि तीच व्हीएम डिस्ट्रॉय.